अंगणवाडी सुटल्यानंतर

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत डाळ मिलच्या कामाला बायका सकाळी लागतात आणि संध्याकाळी सुटतात. अंगणवाडी सकाळी भरते आणि दुपारी पोरांना खाऊ घालून सुटते. मधल्या चार-पाच तासांत पोराकडे कोण बघणार, हा प्रश्न दोन कमावती माणसं असलेल्या घरात कसाबसा मिटतो. जिथे आई एकटीच कमावती आहे, तिथे तो रोज सकाळी पुन्हा समोर येतो. नवरा वारला, सोडून गेला, दारूपायी घराबाहेर काढला किंवा कामासाठी सुरतेला गेला तो परतलाच नाही, यातलं कारण कोणतंही असो. पोरगं तीन वर्षांचं आहे आणि मिलचा भोंगा त्याच्यासाठी थांबत नाही.

खान्देशात ही गोष्ट फक्त शहराची नाही. ऑक्टोबरपासून कापूस वेचणी सुरू होते आणि मजुरी किलोवर मिळते. कडेवर पोर असलेल्या बाईचा कापूस संध्याकाळी काट्यावर कमी भरतो. पोर सांभाळण्याची किंमत तिने त्याच दिवशी, किलोच्या हिशेबाने भरलेली असते. तिची पावती कुठेच फाटत नाही. दोंडाईचा-नंदुरबारकडे मिरचीच्या हंगामात देठ खुडायला बायका बसतात, तीही मजुरी वजनावर. मिरचीचा ठसका मोठ्या माणसाला सोसत नाही, आणि त्याच ढिगाजवळ लुगड्याच्या झोळीत तान्हं निजलेलं असतं. जळगावच्या चटई कारखान्यांत, डाळ मिलमध्ये, जिनिंगमध्ये, धुळ्याच्या यंत्रमागांच्या वस्तीत, केळीच्या पट्ट्यात रावेर-यावलकडे, कामाची जागा बदलते, पण पोराला कुठे ठेवायचं हे तेच राहतं.

मग बायका काय करतात? पहिला आधार माहेरचा. नवरा गेल्यावर बाई पोरांसह माहेरी किंवा माहेराजवळ येते, कारण तिथे तिची आई असते. पण ही आजीही बहुतेक वेळा मजुरीला जाणारीच असते. नातवंडासाठी आजी घरी बसली, म्हणजे घरातली एक मजुरी बुडाली. आजीचं सांभाळणं फुकट असतं असं आपण समजतो, ते खरं नाही. दुसरा आधार शेजारणीचा. तिला महिन्याचे काही पैसे, कधी धान्य, कधी तिच्या घरची धुणीभांडी. ती आजारी पडली, तिच्या घरी लग्न निघालं किंवा ती गावाला गेली की सगळी व्यवस्था एका दिवसात कोसळते आणि त्या दिवसाचा खाडा होतो. तिसरा आधार मोठ्या लेकीचा, आणि मला सर्वात जास्त काळजी तिचीच वाटते. सात-आठ वर्षांची पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन घरी थांबते. हजेरीपटावर तिचं नाव राहतं, वर्गात ती नसते. आईच्या पाळणाघराचं भाडं ती आपल्या शिक्षणातून भरते. चौथा मार्ग म्हणजे पोराला आतून कडी लावायला शिकवून किंवा बाहेरून कुलूप घालून जाणं. हे कोणी चारचौघांत सांगत नाही. पण ज्या वस्त्यांत बायका पाळीवर जातात, तिथल्या शेजाऱ्यांना कोणत्या दाराला दुपारी कुलूप असतं हे ठाऊक असतं.

शहरात खासगी पाळणाघरं आहेत. जळगावात आणि धुळ्यात शिक्षिका, बँकेतल्या बाई, दवाखान्यातल्या नर्स त्यांचा आधार घेतात. घरात पाच-सहा मुलं सांभाळणारी एखादी काकू अनेकांचं आयुष्य चालवते, आणि त्या काकूंविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण तिथला महिन्याचा खर्च मजुरीवरच्या एकट्या आईला पेलणारा नसतो, आणि त्या घरांवर कोणाची देखरेखही नसते. खारघरच्या एका पाळणाघरात लहान बाळाला झालेली मारहाण २०१६ मध्ये कॅमेऱ्यामुळे उघड झाली तेव्हा राज्यभर संताप झाला. पुढे २०१८ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचनाही काढल्या. मात्र गल्लीतल्या पाळणाघराला नोंदणी कुठे करायची हे आजही कळत नाही, आणि आईला चौकशी कुठे करायची हे कळत नाही.

ही अडचण आजची नाही. ज्यांनी महाराष्ट्राला बालवाडी दिली त्या ताराबाई मोडक स्वतः एकट्या कमावत्या आई होत्या. १८९२ मध्ये जन्मलेल्या, मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर असलेल्या ताराबाईंचा संसार अमरावतीत फार काळ टिकला नाही. लेकीला घेऊन त्या राजकोटला गेल्या, तिथे मुलींच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या आणि १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. आपली नोकरी आणि आपलं लहान मूल या दोन्हींना एकत्र जागा हवी, हे त्यांनी पुस्तकातून शिकण्याआधी जगून पाहिलेलं होतं. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी अनुताई वाघांसह ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पोरं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, गुरांमागे गेली तर कुरणात न्यावी, हा विचार तिथे पिकला. ताराबाईंचं हे काम आपण शिक्षणाच्या इतिहासात वाचतो. ते कष्टकरी आईच्या सोयीच्या इतिहासातही वाचायला हवं.

खान्देशाला स्वतःचं उदाहरणही आहे. आसोद्याची लेक, जळगावची सून बहिणाबाई चौधरी तिशीच्या आसपास विधवा झाल्या. ओंकार, सोपानदेव आणि काशी अशी तीन मुलं आणि शेतीचं काम त्यांच्या एकटीच्या अंगावर पडलं. त्यांची गाणी आपण डोक्यावर घेतली, विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं. त्या गाण्यांमागे शेत, घर आणि पोरं एकटीने ओढणारी एक बाई होती, तिच्याजवळ तेव्हा कोणतीही व्यवस्था नव्हती. आज विद्यापीठाच्या आसपासच्या गावांत तशाच बायका राबत आहेत, आणि त्यांच्यासाठी ज्या व्यवस्था झाल्या त्या दुपारीच सुटतात.

कष्टकरी आईसाठीचा कायदा मात्र बराच जुना आहे. मुंबईच्या गिरण्यांतल्या बाया कामावर येताना तान्ह्यांना अफूची गोळी देऊन निजवतात, हे १९२२ मध्ये डॉ. बार्न्स या डॉक्टर बाईंच्या अहवालात आलं होतं. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांताने असा कायदा केला. पूर्व आणि पश्चिम खान्देश तेव्हा याच प्रांतात होते आणि अमळनेर-धुळ्याच्या गिरण्यांचे भोंगे गावाला वेळ सांगत होते. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ४८ आलं. त्यात पुढे ठरलं ते असं: ज्या कारखान्यात ३० हून अधिक स्त्री कामगार, तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर हवं. बांधकामाच्या १९९६ च्या कायद्यात ५० हून अधिक बायका असतील तर. २०१७ च्या प्रसूती लाभ सुधारणेत ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झालं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा मिळाली. रोजगार हमीच्या कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं आली, तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची, हेही कायद्यात लिहिलं गेलं.

कागदावर हे फार चांगलं आहे. पण हे सगळे कायदे आकड्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत, आणि जळगाव-धुळ्याची बाई बहुतेक वेळा त्या उंबरठ्याच्या अलीकडे काम करते. डाळ मिल लहान असते. मजूर ठेकेदाराच्या वहीत असतात, मिलच्या वहीत नसतात. जिनिंग हंगामी. शेतात तर मालकच रोज बदलतो. ३० आणि ५० हे आकडे मोठ्या गिरणीला डोळ्यांपुढे ठेवून आलेले आहेत, आणि आपल्याकडच्या मोठ्या गिरण्यांचं युग केव्हाच मागे पडलं. तरी २०१७ च्या सुधारणेत एक वाक्य आलं, ज्याचा उपयोग खान्देशातल्या औद्योगिक वसाहतींनी करायला हवा: पाळणाघर स्वतंत्र असो की सामायिक सोयीसह, दोन्ही चालेल. म्हणजे एकाच रस्त्यावरच्या कारखान्यांनी मिळून एक पाळणाघर चालवणं कायद्याला मान्य आहे. वसाहतीत रस्ता, पाणी, वीज, अग्निशमन सामायिक असू शकतं तर पोरांची खोली का नाही, याचं उत्तर उद्योजकांच्या संघटनांनी द्यावं.

सरकारी नोकरीतल्या आईची गोष्ट वेगळी आहे. राज्याच्या महिला कर्मचाऱ्यांना २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. पत्नी वारलेल्या किंवा दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेल्या पुरुष कर्मचाऱ्यालाही ती आहे. हे योग्यच झालं, आणि एकट्या बापाची दखल घेतली हे विशेष. मजुरी करणाऱ्या एकट्या बापाला मात्र विचारायलाही कोणी नसतं, तो पोराला बहिणीकडे नाहीतर आईकडे सोपवतो आणि अर्धा बाप होऊन राहतो.

आता पैशांच्या योजना. इथे मला थोडं थांबून सांगायचं आहे, कारण एकट्या बाईला सरकार काहीच देत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. संजय गांधी निराधार योजनेत विधवा आणि परित्यक्तांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एक पालक गमावलेल्या किंवा दुभंगलेल्या घरातल्या मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळतात. कोरोनात नवरे गेलेल्या बायकांसाठी २०२१ मध्ये मिशन वात्सल्य आलं, आणि ‘एकल महिला’ हा शब्द सरकारी कागदांत रुळला, त्यामागे हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली पुनर्वसन समिती होती. २०२४ च्या जुलैपासून लाडकी बहीण योजना आली. कापसाच्या पट्ट्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी एक लाखाची मदत येते, त्यातली ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत.

हे सगळे पैसे पोराच्या दुधाला, औषधाला, वहीला लागतात. दुपारचे तास मात्र त्यांनी विकत घेता येत नाहीत, कारण विकायला कोणी बसलेलंच नाही. वर निराधार योजनेच्या अटीतली वार्षिक २१,००० रुपयांची उत्पन्न मर्यादा पाहा. महिन्याला १,७५० रुपये. याहून जास्त कमावणारी विधवा निराधार नाही, असं हा नियम म्हणतो. ज्या बाईने घरी न बसता डाळ मिल धरली, तिला कामावर गेल्याची शिक्षाच ही. ही मर्यादा बदलायला हवी, यात मला तिळमात्र शंका नाही.

तासांसाठी केलेली एक योजना या देशात होती आणि ती आपण जवळजवळ मोडू दिली. कामकरी आयांच्या मुलांसाठी १ जानेवारी २००६ पासून राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना चालू झाली. पुढे तिचं नाव राष्ट्रीय पाळणाघर योजना झालं. महिन्याला २६ दिवस, दिवसाला साडेसात तास, सहा महिने ते सहा वर्षांची २५ मुलं. झोपायची सोय, खाणं, वजन, लसीकरणाची नोंद. दारिद्र्यरेषेखालच्या आईकडून मुलामागे महिन्याला २० रुपये, १२,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाकडून १००, त्यापुढे २००. इतक्या पैशांत एवढे तास देणारी दुसरी सोय मला ठाऊक नाही. पण २०१७ मध्ये केंद्राने आपला वाटा ६० टक्क्यांवर आणला, ३० टक्के राज्याने आणि १० टक्के चालवणाऱ्या संस्थेने उचलायचे ठरले. पाळणाघरातल्या ताईचं मानधन ३,००० आणि मदतनिशीचं १,५०० रुपये. संस्थांना जमेना. देशभरात २३ हजारांहून अधिक असलेली पाळणाघरं २०२० च्या सुमारास साडेसहा हजारांच्या आसपास उरली. त्यासाठी मोर्चा निघाला नाही. बंद झालेल्या पाळणाघरातल्या आयांना मोर्चाला जायला वेळ कुठून मिळणार?

२०२२ पासून ही योजना मिशन शक्तीत ‘पाळणा’ या नावाने गेली आहे आणि अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर चालवायचं असं ठरलं आहे. देशात १७ हजार अशी अंगणवाडी-पाळणाघरं उभी करण्याचं उद्दिष्ट आहे. दिशा बरोबर आहे. अंगणवाडी गावागावात आहे. १९७५ च्या २ ऑक्टोबरला अंगणवाडीची योजना देशात सुरू झाली, पहिल्या ३३ प्रकल्पांत आपलं धारणी होतं. पन्नास वर्षांत इमारती झाल्या, पोषणाची साखळी उभी राहिली. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला गरम आहार तिथे मिळतो. उणीव आहे ती तासांची आणि माणसांची.

माणसांचा प्रश्न टाळून तासांचा सुटणार नाही. अंगणवाडी सेविकेवर आधीच आहार, नोंदी, मोबाइलमध्ये माहिती भरणं, लसीकरणाला मदत, सर्वेक्षण असं बरंच काही आहे. मानधन वाढावं म्हणून महाराष्ट्रातल्या सेविका ४ डिसेंबर २०२३ पासून जवळपास दोन महिने संपावर होत्या. पुढच्या वर्षी सेविकेचं मानधन १३,००० वर नेण्याचा निर्णय झाला. या सेविकांत अनेक जणी स्वतः विधवा किंवा एकट्या आहेत. त्यांच्याच मानधनात संध्याकाळचे तास घुसवले, तर एका एकट्या बाईचा भार दुसऱ्या एकट्या बाईच्या डोक्यावर ठेवल्यासारखं होईल. संध्याकाळच्या पाळीला वेगळी बाई हवी आणि तिला नीट पगार हवा. गावात त्या बायका आहेत. बचत गटात आहेत, आणि ज्यांनी पाच-सहा पोरं पदरी वाढवली त्या आज्या आहेत.

इतरांनी हे करून दाखवलं आहे. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत, गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चालू असताना, मजूर बायकांच्या पोरांसाठी एका तंबूत पाळणाघर सुरू केलं. त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली आणि पुढे मुंबई-पुण्याच्या बांधकामांवरही पोहोचली. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीच्या डॉक्टरांनी गावातल्या बायांच्या हाती ‘फुलवारी’ दिल्या, तीन वर्षांखालच्या पोरांसाठी. कर्नाटकाने २०२३ मध्ये ‘कूसिना मने’ काढली, म्हणजे रोजगार हमीवर जाणाऱ्या बायांच्या पोरांसाठी ग्रामपंचायतींमध्ये पाळणाघरं. चार हजार ग्रामपंचायती हे लक्ष्य. कोणी तिथे महाल बांधले नाहीत. पंचायतीची एक खोली, सांभाळणाऱ्या प्रशिक्षित बाया, दूध आणि खिचडी.

खान्देशात दोन काळ असे आहेत जेव्हा हे सगळ्यात जास्त लागतं. एक, दिवाळीनंतरचा. साक्रीकडून, नंदुरबारकडून, चाळीसगाव-पारोळ्याच्या बाजूने ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. शाळेत घालण्याजोगं पोर आश्रमशाळेत किंवा आजीकडे राहतं, त्याहून लहान असेल तर फडावर जातं. दुसरा काळ मे महिन्याचा. भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, शाळा बंद, मामाच्या गावाला जायची सोय असेल तर ठीक. नसेल, तर पत्र्याच्या खोलीत पोर दिवसभर. उन्हाळ्याची सुट्टी ज्यांच्या घरी कोणी तरी असतं त्यांच्यासाठीच ठरवलेली आहे, असं मला दरवर्षी वाटतं. महापालिकेच्या शाळेची एखादी खोली, पाणी आणि एक पंखा मे महिन्यात चालू ठेवायला मोठा निधी लागत नाही.

एका गोष्टीची नोंद इथे करायला हवी. कामकरी महिलांच्या वसतिगृहाची केंद्राची ‘सखी निवास’ योजना आहे. तिथे आईसोबत १२ वर्षांपर्यंतचा मुलगा आणि १८ वर्षांपर्यंतची मुलगी राहू शकते, आणि पाळणाघराची सोय तिच्यातच धरलेली आहे. एकट्या आईला घर शोधताना घरमालकाने नवऱ्याचं नाव विचारलं की पुढे काय होतं, ते जिने शोधलं तिलाच माहीत. तिच्यासाठी अशा जागा जिल्ह्याच्या ठिकाणी मागून घ्यायला हव्यात.

आता वाचकांना, विशेषतः गावात राहणाऱ्यांना, एक सांगणं. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला १० टक्के हिस्सा महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. बऱ्याच ठिकाणी तो शिलाई मशीनवर, खुर्च्यांवर, एखाद्या मेळाव्यावर संपतो. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला जा. त्या १० टक्क्यांचा हिशेब मागा. अंगणवाडी दुपारनंतर संध्याकाळी सहापर्यंत उघडी ठेवण्यासाठी एका बाईची नेमणूक आणि तिचा पगार यासाठी ठराव मांडा, आणि ‘पाळणा’ योजनेत आपल्या गावाचं नाव घालावं अशी मागणी एकात्मिक बालविकास प्रकल्प कार्यालयाकडे लेखी द्या. तुमच्या गल्लीत एकटीने पोरं वाढवणारी बाई असेल, तर तिला बालसंगोपन योजनेच्या अर्जाला मदत करा. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात तिच्यासोबत एकदा जा, कारण तिचा तिथे गेलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी असते. आणि ग्रामसभा दुपारी ठेवली असेल, तर ती संध्याकाळी घ्यायला सांगा, नाहीतर जिच्यासाठी हा ठराव आहे तीच बाई तिथे नसेल.